ताईचा नेम

माझ्या मोठ्या बहिणीला दमा होता. एवढं साधं वाक्य, पण लग्नाची मुलगी घरात असताना ते कुणी तोंडातून काढत नसे. 'ताईला जरा सर्दी आहे', 'ताईला धूळ सोसत नाही', 'ताईची प्रकृती नाजूक' अशी सारवासारव चालायची. आता ताई नाही, आईवडील नाहीत, मीही पिकलं पान झाले आहे. कुणाचं लग्न मोडायचं राहिलेलं नाही, तेव्हा लिहून टाकते. दमा होता, आणि चांगला जोराचा होता.

आम्ही लष्करात माधवगंजात राहायचो. हे लष्कर म्हणजे ग्वाल्हेर शहराचाच भाग, छावणी नव्हे. पुण्याच्या मावशीला हे दरवेळी नव्यानं समजावून सांगावं लागे. वडील दरबारच्या कचेरीत कारकून होते. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि भांडताना दोन्ही. मावशी हसायची, म्हणायची, तुमची मराठी ऐकून पोट भरतं. हसेना का. आमचं त्याच भाषेत सगळं झालं, जन्म, लग्नं आणि बाकीचंही.

ग्वाल्हेरचा उन्हाळा म्हणजे धूळ. दुपारी आंधी सुटली की समोरचा छज्जा दिसायचा नाही. आई खिडक्यांना ओल्या चादरी लावायची आणि ताईला मधल्या खोलीत बसवायची. दाल बाजारातून तर ताईला कधी नेतच नसू. तिथं दुकानादुकानांतून डाळी पाखडत, भुसा हवेत उडत असे, आणि ताई दहा पावलं चालली की तिचे खांदे वर चढायला लागत. म्हणून देवळात जायचं तर आम्ही लांबच्या रस्त्यानं जायचो. लोकांना वाटे, कारकुनाच्या मुली पण ऐट बघा, बाजारातून चालायला लाजतात. वाटू दे, आई म्हणायची, ऐट परवडली.

दम लागला की ताई भिंतीशी ताठ बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, डोळे मिटून. मी पेटी वाजवायला शिकत होते, आणि आमच्या जुन्या पेटीच्या भात्याला भोक होतं. त्यातून जसा आवाज येई तसाच ताईच्या छातीतून येई. आई धोतऱ्याची वाळलेली पानं निखाऱ्यावर टाकून तिला धूर द्यायची. तासाभरानं आवाज उतरायचा. मग ताई डोळे उघडून पहिलं काय म्हणायची, तर "कुणी आलं तर नव्हतं ना?"

तिची दोन स्थळं मोडली होती. एकदा पाहुण्यांसमोरच खोकला सुरू झाला, आणि एकदा कुणीतरी कान भरले. मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं बघायचं नाही, हा घरचा कायदा. मला लग्नाची घाई होती, लपवत नाही. वडिलांच्या पगारात, त्या तीन खोल्यांत, ताईच्या श्वासाकडे कान लावून जगण्याचा मला वीट आला होता. माझं ताईवर प्रेम होतं आणि वीटही आला होता. दोन्ही एकाच पोटात राहतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ होतं. त्याच्या चबुतऱ्यावर एक म्हातारे मराठे रोज सकाळी बसत. त्यांचे पूर्वज शिलेदार म्हणून दक्षिणेतून आले, तेही तरुणपणी घोड्यावरच होते. सगळे त्यांना शिलेदार आजोबा म्हणत. कुठल्याशा मुक्कामात एका साधूनं त्यांना प्राणायाम शिकवला होता, आणि पागेतल्या स्वारांना ते तो शिकवत. आमच्या वडिलांचा प्राणायाम संध्येपुरता, नाक धरलं आणि सोडलं, की चालले कचेरीत. आजोबांचं तसं नव्हतं. एके दिवशी ताई देवळाच्या पायऱ्या चढून धापा टाकत उभी राहिली, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, तू श्वास आत ओढायची घाई करतेस. आधी बाहेर टाक. भरलेल्या घागरीत पाणी कसं मावेल?"

त्या दिवसापासून ताई रोज सकाळी त्यांच्याकडे जायची, सोबतीला मी. त्यांनी तिला फारसं काही शिकवलं नाही, असं मला तेव्हा वाटे. पोटावर हात ठेवून बसायचं. श्वास आत येतो कुठून, गार लागतो का ऊन, छातीत कुठं अडतो, नुसतं बघायचं. बाहेर सोडताना ओठांतून, हळू, आत घेतल्याच्या दुप्पट वेळ. श्वास रोखून धरायचा नाही. "कुंभक तुला नाही," ते बजावून सांगत. "तुझ्या छातीला आधीच कुलूप आहे, आणखी लावू नको." मी कंटाळून कबुतरं मोजत बसे.

पण गुण आला. सहा महिन्यांत ताईचा चेहरा बदलला. ती म्हणाली, "आता मला आधीच कळतं गं. नाकाच्या टोकाशी श्वास गार लागेनासा झाला की समजायचं, घटकाभरात दम लागणार." आणि खरंच तिला कळायचं. मग ती उठून मधल्या खोलीत जाऊन बसायची, हळूहळू श्वास सोडत, आणि बऱ्याचदा दम यायचा तो उंबऱ्यावरूनच परत जायचा. आईनं मारुतीला तेल वाहिलं. ताई तर त्या बसण्याच्या प्रेमातच पडली. बरं वाटत असतानाही बसायची. तिला त्यात काय दिसायचं कोण जाणे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काही नाही दिसत. तेवढा वेळ मी कुणाला घाबरत नाही."

आजोबांची तिला एकच सक्त ताकीद होती. "दम लागला असताना एकटीनं बसायचं नाही. दार उघडं, आणि जवळ माणूस. श्वासाकडे लक्ष तुझं, आणि तुझ्याकडे लक्ष दुसऱ्याचं." हे त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, कारण दुसरं म्हणजे मीच.

त्यानंतर तिसरं स्थळ आलं. मंडळी उज्जैनहून बदलून आलेली, दौलतगंजात बिऱ्हाड केलेलं, त्यामुळे माधवगंजातली कुजबूज त्यांच्या कानांवर नव्हती. आमच्या लष्करात मुलगी बघायला आले की गायला सांगणारच, त्यातून सुटका नाही. आम्ही तयारी केली होती. ताईनं चार ओळींचं भजन बसवलं, मी पेटीवर. प्रत्येक ओळीनंतर मी सुरांची एक वेल काढायची आणि तेवढ्यात ताईनं ओठांतून श्वास सोडून घ्यायचा. पाहुण्यांना वाटलं, धाकटी जरा पुढं पुढं करते. ताई मात्र पास झाली. मुलाकडच्यांनी मान डोलावली, आणि दाराआड उभ्या असलेल्या आईनं पदर तोंडाला लावला.

मग मुलाची आई स्वयंपाकघरात आली. गोरी, ठेंगणी, कपाळभर कुंकू, बोलणं मऊ. वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. ती आईला म्हणाली, "मुलगी छान आहे हो, पण अंगात जरा कमी वाटते. काही दुखणंबिखणं नाही ना?"

आई खोटं बोलायला कच्ची. तिच्या हातातली पळी थांबली. आता ती सगळं सांगून बसणार हे मला दिसलं, आणि मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, "दुखणं कसलं? ताई प्राणायाम करते. तिचा नेम आहे. कधी सकाळी, कधी दुपारी, मनात आलं की दार लोटून तासतासभर बसते. तेव्हा तिला हाक मारायची नाही, आत जायचं नाही. श्वास मोठ्यानं चालतो तिचा, पण मध्येच उठवलं तर बाधतं. म्हणून अंग धरत नाही."

बोलताना मला माझंच कौतुक वाटत होतं. एका थापेत ताईचं बारीक अंग, दार लावून बसणं आणि छातीतला आवाज, तिन्हींची सोय लागली होती. त्या बाईंचा चेहरा उजळला. त्यांच्या माहेरी कुणी पणजोबा की कोण योगी होऊन गेले होते. त्या आईला म्हणाल्या, "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? अशी सून घरात येणं म्हणजे भाग्य. मी कुणाला दाराशी फिरकू देणार नाही."

रात्रीच्या जेवणाला वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी हातातला घास पानात ठेवला. सरळ माणूस. पण सरळ माणसालाही दोन मुली उजवायच्या होत्या. त्यांनी शेवटचं आपोशन घेतलं आणि उठले. नाही म्हणाले नाहीत.

लग्न झालं. निघताना आईनं ताईच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली धोतऱ्याच्या पानांची पुरचुंडी ठेवली होती. मी ती काढून घेतली. म्हटलं, वास येईल, एका दिवसात सगळं उघडं पडेल. आमच्या घरात त्या दिवसांत मीच शहाणी होते.

आणि सोंग वठलं. अगदी उत्तम वठलं. दौलतगंज आमच्या घरापासून चालत फार तर पाव तास. ताई सणावारी यायची, तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. हसून सांगायची, "नेम छान चाललाय माझा." दम लागणार असं कळलं की ती आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची, आणि सासूबाई घरभर सगळ्यांना गप्प करायच्या. दिरांची मुलं जिन्यात खेळायला लागली तर त्यांना म्हणायच्या, "बस करो, काकू बसल्यात." ताई बाहेर आली की तिच्यासाठी गरम दूध. "इतका मान मला आपल्या घरी पण नाही मिळाला," ती म्हणाली. मी तिला चिमटा काढला. दोघी हसलो.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला ती आली तेव्हा हसली नाही. ओवाळणी झाली, आणि आम्ही दोघी गच्चीवर उन्हात बसलो. ती म्हणाली, "मी सासूबाईंना सांगून टाकू का गं? त्या ऐकून घेतील. मला एकटीला बसायची भीती वाटते. हल्ली दम उंबऱ्यावरून परत जात नाही. आजोबा म्हणायचे ना, जवळ माणूस हवं."

त्या महिन्यात माझी बोलणी चालू होती. ताईच्या सासूबाईंच्याच बहिणीचा मुलगा, उज्जैनला वकिली करणारा. ताईचं खोटं उघडं पडलं असतं तर कुणाचं स्थळ आणि कुणाचं काय? मी म्हटलं, "माघापर्यंत थांब. माझं एकदा होऊ दे. मग सांग खुशाल."

ती म्हणाली, "अच्छा, ठीक आहे." वाद घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिच्या जागी मी असते तर बहिणीच्या दोन मुस्काटात दिल्या असत्या.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस झाले असतील. थंडी पडायला लागली होती. थंडीच्या आधी घरोघर रजया उसवून कापूस पिंजून घ्यायचा, हा आमच्याकडचा रिवाज. ताईच्या घरी चौकात पिंजणारा धुनिया बसला होता, दिवसभर कापूस उडत होता, आणि घरातल्या सगळ्या बायका रजयांना टाके घालत होत्या. ताईही होती. जेवणं झाल्यावर ती उठली, सासूबाईंना म्हणाली, "मी जरा बसते." आत गेली आणि दार लोटून घेतलं. कडी लावली नव्हती. नुसतं लोटलेलं होतं.

मी तेव्हा घरी मटार सोलत होते. वडील अवेळी कचेरीतून आले, त्यांच्याबरोबर ताईचा धाकटा दीर. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आम्ही चालत गेलो, टांगा करायचंही कुणाला सुचलं नाही.

ताई भिंतीला टेकून बसली होती. हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. तिला कुणी हलवलं नव्हतं. समोर समई लावली होती. गल्लीतल्या बायका दारात हात जोडून उभ्या होत्या. एकजण म्हणाली, "बैठे बैठे चली गयीं, ऐसी मौत किसे मिलती है." कुणीतरी तिच्या गळ्यात झेंडूची माळ घातली होती. तिच्या केसांत कापसाचा पुंजका अडकला होता, तो आईनं काढला आणि मग आईला कुणी आवरू शकलं नाही.

वडिलांनी ताईचा हात हातात घेतला. नखं निळी पडली होती. ते बराच वेळ नखांकडे बघत होते, मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्यानंतर ते बारा वर्षं जगले, पण या गोष्टीवर एक अक्षर बोलले नाहीत. फक्त संध्येला बसले की प्राणायामाच्या वेळी हात नाकापर्यंत न्यायचे आणि तसाच खाली घ्यायचे.

पाचव्या दिवशी मी देवळावरून जात होते. शिलेदार आजोबांनी मला हाक मारली. त्यांच्यापर्यंतही तीच गोष्ट पोचली होती, समाधी लागल्याची. त्यांनी समाधीचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "जवळ कोण होतं?"

मी म्हटलं, "कुणी नव्हतं."

ते काठी टेकत उठले आणि मारुतीकडे तोंड करून उभे राहिले. मी थोडा वेळ थांबले. ते वळले नाहीत, तेव्हा मी घरी आले. मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. त्यांची ती पाठ मला सोसली नाही. आजही कुणी डोळे मिटून श्वासाकडे बघा म्हटलं की मी डोळे मिटते, आणि पहिला श्वास सोडायच्या आत उघडते. मला माझा श्वास ऐकूच येत नाही. दाराच्या आतला येतो.

तेराव्याला आम्ही दौलतगंजात गेलो. जेवणं उरकल्यावर ताईच्या सासूबाईंनी मला आतल्या खोलीत नेलं. तीच खोली. त्या तेरा दिवसांत खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी मला जवळ बसवलं आणि माझा हात हातात घेतला.

मग म्हणाल्या, "तुला एक विचारायचंय. दुसऱ्या कुणाला विचारलं तर वेड्यात काढतील. तिचा नेम तुलाच ठाऊक. त्या दिवशी तिचा श्वास फार मोठ्यानं चालला होता. धुनियाच्या टणत्कारातही मला चौकात ऐकू येत होता. मी दोनदा दाराशी आले. एकदा तर दारावर हात ठेवला. आतून काहीतरी पडल्यासारखंही झालं. पण तू म्हणाली होतीस ना, मध्येच उठवलं तर बाधतं. म्हणून मी परत गेले. पोरांना गप्प केलं. धुनियालाही हात आवरायला सांगितला, तिला त्रास नको म्हणून. मग श्वास हळू होत गेला. मला वाटलं, आता शांत लागलं."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "खरं सांग हं. मी दार उघडायला हवं होतं का?"

खरं सांगायची ती वेळ होती, आणि मागणारी बाई समोर बसली होती. सांगितलं असतं तर त्या जन्मभर त्या दाराशी उभ्या राहिल्या असत्या. न सांगितलं तर माझं लग्न शाबूत राहत होतं. यातलं मी कशासाठी केलं हे मला तेव्हा विचारलं असतं तर पहिलं कारण सांगितलं असतं. आता म्हातारपणी तेवढी खात्री राहिलेली नाही.

मी म्हटलं, "नाही. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. दार उघडलं असतं तर तिचा नेम मोडला असता."

त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडल्या. मग उठून त्यांनी तोंड धुतलं, मला ताईचं एक लुगडं दिलं, आणि म्हणाल्या की आता मला झोप लागेल.

वर्ष सरल्यावर माझं लग्न झालं, त्यांच्याच भाच्याशी. त्यांची बहीण सुतकातलं घर म्हणून का कू करत होती. तिला ताईच्या सासूबाईंनीच भरीस घातलं. म्हणाल्या, ज्या घरात अशी मुलगी जन्माला आली, त्या घरचीच दुसरी आण.